पद्धत आहे

लग्नाला अठरा दिवस उरले होते तेव्हा मला मुजरा शिकवायला सासरहून एक बाई साखर पेठेतल्या आमच्या घरी आल्या. अंगावर इरकली, डोक्यावर पदर, कमरेला चंची. आमच्या दोन खोल्या बघून झाल्यावर, तिसरी कुठंतरी आत असेल अशा समजुतीनं त्या जरा वेळ उभ्याच राहिल्या. मग आईनं सतरंजी घातली.

"उजवा हात खाली जमिनीकडं, मग कपाळाशी. असं तीनदा. वाकायचं, पण डोईवरचा पदर हलता कामा नये." त्या सांगत होत्या, मी करत होते. पदर दर वेळी घसरत होता. समोरच्या दारात शेजारच्या अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. दिवसाला हजार विड्या वळणारी ती बाई, बोलताना, रागावताना, रडतानासुद्धा तिची बोटं थांबलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी थांबली. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "काय गं, पाणी शेंदायलीस काय की विहिरीतनं?"

आई फसकन हसली. मीही हसले. त्या बाई मात्र हसल्या नाहीत. "तिकडं एवढ्या मोठ्यानं हसत नाहीत," त्या म्हणाल्या, "पद्धत आहे."

आधी एक सांगून टाकते. घराण्याचं आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. सोलापूरपासून दीड-दोन तासांवर, एवढं पुरे. गाव त्याला 'संस्थान' म्हणतं, पण ते संस्थान नव्हतं, सरंजाम होता, म्हणजे चाकरीबद्दल मिळालेली जहागीर. फरक आहे. अक्कलकोट, जत ही संस्थानं. 1948 च्या मार्चमध्ये दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा तिथल्या राजांना तनखे, म्हणजे सरकारकडून वर्षासनं, ठरवून दिले गेले आणि 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं ते थांबले. सरंजामदारांना असा तनखा नव्हताच. 1952 च्या नियमांनी सरंजाम सरकारजमा झाले. 1 एप्रिल 1957 ला कूळकायद्यानं कसणाऱ्यांची जमीन कसणाऱ्यांच्या नावावर जायला लागली. उरलंसुरलं 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यात गेलं. पण आमच्या सासरच्या गावात कुणालाही विचारा, "इंदिरा गांधींनी सरकारांचा तनखा बंद केला" असंच सांगतील. आबासाहेबसुद्धा, म्हणजे माझे सासरे, ते कधी खोडून काढत नाहीत. तनखा बंद झाला म्हणण्यात एक रुबाब आहे. कधी नव्हताच म्हटलं की तो जातो.

मी तेव्हा नवी पेठेतल्या एका सीएंकडं काम करत होते, नुकतीच पास झालेली. हे बुटाच्या खोक्यात पावत्या भरून घेऊन आले होते. त्या पावत्या लावता लावता लग्न ठरलं. मधला भाग चारचौघांसारखाच आहे.

चारचौघांसारखी नव्हती ती चौकशी. कुळी कागदावर बसत होती, आडनाव शहाण्णवात, देवक वेगळं, म्हणजे अडचण काही नाही. पण आजोबा जुन्या मिलमध्ये जॉबर आणि वडील, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर. हे वंशावळीत बसवायचं कसं? शेवटी त्यांच्या कारभाऱ्यांनी बार्शीकडच्या आमच्या मूळ गावातला सहा पिढ्यांमागचा एक मुलकी पाटील शोधून काढला आणि लग्नपत्रिकेत अण्णांच्या नावापुढं 'पाटील' छापलं. अण्णांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे कोण?"

हुंडा मागितला नाही. "आम्हाला काही नको, फक्त मान राखा," असा निरोप आला आणि पाठोपाठ मानाची यादी. 64 साड्या, त्यातले 9 शालू, 31 फेटे, देवडीवरच्यांना उपरणी, नगारा वाजवणाऱ्याला धोतरजोडी. अण्णा चाटी गल्लीत तीन दिवस फिरले. हुंडा मागितला असता तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं, तसा माणूस आहे तो. पण मानाला नाही कसं म्हणायचं? पतसंस्थेच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत जायला लागली होती.

लग्न 2011 सालचं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं. माझं नाव दोन अक्षरांचं. ताटात आलं ते पाच अक्षरांचं, वर त्याला 'राजे' जोडलेलं. ताट लहान पडलं, शेवटचं अक्षर काठाशी दाटून बसलं. पॅन कार्डावर आणि सीएच्या सदस्यत्वावर दोनच अक्षरं राहिली, बदलायचा कंटाळा केला म्हणून. पुढं तो कंटाळा फार उपयोगी पडला.

वाड्यावर मला कुणी कधी "हे करू नकोस" म्हटलं नाही. खोटं वाटेल, पण तसंच आहे. मालिकांमधली सासू मी शोधत होते, ती सापडलीच नाही. आईसाहेब, माझ्या सासूबाई, आवाज चढवणाऱ्यातल्या नव्हत्या. सगळं यायचं ते बाजूनं, आणि हात जोडून यायचं. दिंडी दरवाजातून बाहेर पडायला गेले की देवडीवरचा म्हातारा उठून उभा राहायचा. "वहिनीसाहेब, मागच्या दारानं. पद्धत आहे." सत्तरीचा माणूस, अंगात विरलेला कोट, हात जोडून उभा. त्याच्याशी काय भांडणार? मी मागच्या दारानं जायची. मागचं दार गोठ्यात उघडत होतं.

मुदपाकखान्यात सुनेनं पाऊल टाकायचं नाही. ऐकायला चैनीचं वाटतं. मुदपाकखाना म्हणजे गॅसच्या दोन शेगड्या, एक स्वयंपाकीणबाई आणि तिचा पुतण्या. नाव तेवढं जुनं. तिथं सगळं साजूक तुपातलं, सौम्य, वेलदोड्याचं. मला महिन्याभरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डोहाळे लागले, दुसरं काही नसताना. आईला फोन केला. तिनं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवली. ती पिशवी आधी सदरेवर गेली, कारभाऱ्यांनी उघडली आणि आवक वहीत नोंद केली: 'माहेरची भेट. भाकरी नग 40, चटणी 1 किलो.' मग त्यातल्या दोन भाकऱ्या चांदीच्या ताटात, शेजारी घडी घातलेला नॅपकिन, अशा माझ्यासमोर आल्या. वाढणारी मुलगी भिंतीशी उभी. कडक भाकरी मोडताना आवाज होतो, त्याला इलाज नाही. त्या शांत दालनात तो असा काही झाला, की पलीकडच्या सदरेवर आबासाहेबांनी वर्तमानपत्र खाली घेतल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या भाकरीला मी हात लावला नाही.

साखर पेठेत आमच्या घरी कुणी जेवायला बसलं आणि भाकरीचा आवाज आला नाही, तर आई विचारते, "मऊ पडली काय गं?"

यांच्याबद्दल सांगायचं तर हे चांगले आहेत. अडचण तीच होती. वाईट असते तर मी सहा महिन्यांत सोलापूरला परत आले असते. हे म्हणायचे, "थोडं सांभाळून घे, दोन दिवसांचा प्रश्न आहे." ते दोन दिवस चार वर्षं चालले. खासगीत हसायचे, माझ्या बाजूनं बोलायचे. सदरेवर गेले की यांचीही पाठ ताठ व्हायची आणि आवाज बदलायचा. लहानपणापासून दोन आवाज घेऊन जगायची सवय. मला एकच होता.

तिसऱ्या महिन्यात मी एक वही घातली. डावीकडं पद्धत, उजवीकडं ती मला कुणी सांगितली त्याचं नाव. ऑडिटची सवय. व्हाउचर नसेल तर नोंद मानायची नाही. नवऱ्याला मेसेजमध्येसुद्धा 'अहो' लिहायचं, हे आक्कासाहेबांनी, म्हणजे आत्तेसासूबाईंनी. तळमजल्यावरच्या खिडकीत उभं राहायचं नाही, हे मोलकरणीनं. माहेरी जायचं तर गाडीला पडदे आणि बरोबर एक बाई, हे ड्रायव्हरनं. "आपल्याकडं सुना नोकरी करत नाहीत," हे मात्र गावच्या सोनारानं, पैंजण दुरुस्त करताना! मी एकेकाला विचारायची, तुम्हाला कुणी सांगितलं? प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवायचा. सगळी बोटं शेवटी एकाच ठिकाणी जाऊन थांबायची: थोरल्या आऊसाहेब, यांच्या आजी. त्या 1988 मध्ये गेल्या होत्या. साक्षीला बोलावणार कुणाला?

घरात पैसा होता असंही नाही. वीजबिल दोन हप्त्यांत भरलं जायचं. पश्चिमेच्या सोप्याचं छत तीन पावसाळे गळत होतं, खाली हंडे मांडलेले. भाऊबंदकीचे दोन दावे कोर्टात. तरी दसऱ्याला दरबार भरायचा, भाड्यानं खुर्च्या आणून. हिशेब मी मागितला नाही. एक दिवस कारभाऱ्यांची जीभ घसरली आणि "वहिनीसाहेब सीए आहेत, रिटर्न भरून देतील" असं ते सदरेवर बोलून गेले. रिटर्न भरायला सुनेला मनाई करणारी पद्धत कुणाला आठवेना. अशा रीतीनं मी मागच्या दारानंच पुन्हा कामाला लागले.

खंडेनवमीचं सांगायला हवं. वाड्यातली शस्त्रं त्या दिवशी बाहेर निघतात. तलवारी, पट्टे, दोन बंदुका आणि एक सरळ, जाड पात्याचा खांडा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, घरातले पुरुष सोवळ्यात. बायका जाळीच्या आड. पहिल्या वर्षी जाळीमागं आक्कासाहेबांनी मला हळूच त्या खांड्याकडं बोट करून सांगितलं, "आमच्या आजीचं लग्न याच्याशीच लागलं." म्हणजे पणजीसासूबाईंचं. नवरामुलगा मुहूर्तावर येऊ शकला नाही, म्हणून प्रतिनिधी म्हणून खांडा पाठवला आणि अक्षता त्यावर पडल्या. जुन्या सरदार घराण्यांतून असं चालायचं.

मला ऐकून धक्का बसला नाही, याचं आक्कासाहेबांना नवल वाटलं. सोलापूरच्या पोरीला कसा बसेल? संक्रांतीच्या सुमाराला आमच्याकडं सिद्धेश्वराच्या यात्रेत दरवर्षी एक लग्न लागतं, ते योगदंडाशीच. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, ही कथा इथं शेंबड्या पोरालाही पाठ असते. सात नंदीध्वज, काठ्या म्हणतो आम्ही, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं पेलत संमती कट्ट्याकडं आणतात आणि हजारो माणसं तळ्याकाठी उभी राहून अक्षता टाकतात. लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून अक्षता टाकताना माझा एकच प्रश्न असायचा: काठीशी लग्न झाल्यावर ती राहायला कुठं गेली? अण्णा म्हणायचे, "गप बस, अक्षता टाक."

लग्नानंतर मी यात्रेला जाऊ शकले नाही. वहिनीसाहेबांनी गर्दीत उभं राहायचं नसतं.

2013 मध्ये मुलगी झाली, सोलापुरात, माहेरी. वाड्यावर मुलगा झाला की उखळीचे बार काढायचे असा रिवाज. कारभाऱ्यांनी दारू आणून ठेवली होती. मुलगी झाल्याचा फोन गेल्यावर ती कोठीत परत ठेवली, "पुढच्या खेपेला लागेल" म्हणून. हे मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. दोन महिन्यांनी कोठीच्या वहीत 'बंदुकीची दारू, शिल्लक' अशी ओळ दिसली.

त्यानंतर आबासाहेबांना इतिहास सांगायची आवड लागली. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी 1848 मध्ये सातारा कसं खालसा केलं, हे ते मला किमान दहा वेळा सांगत. बोलताना नजर पाळण्याकडं. खालसा व्हायला आता काय उरलंय, असं मी एकदाही विचारलं नाही, ही माझी त्या घरातली सगळ्यात मोठी मर्यादशीर वागणूक. ओटी भरताना नारळ देणारी प्रत्येक बाई एक वाक्य बरोबर द्यायची. गोड बोलून, गालावरून हात फिरवून.

मुलगी दीड वर्षाची असताना माझं जेवण तुटलं. झोप आधीच गेली होती. मग आवाज बारीक व्हायला लागला. फोनवर आई म्हणायची, "मोठ्यानं बोल की, काय घशाला झालंय?" घशाला काही झालेलं नव्हतं. एके दिवशी मुदपाकखान्याच्या उंबऱ्याशी उभी असताना छाती इतकी धडधडायला लागली, की मी भिंतीला धरून खाली बसले. वाढणाऱ्या मुलीनं पाणी दिलं आणि पहिला शब्द बोलली तो, "वहिनीसाहेब, इथं बसू नका, कुणी बघंल."

यांनी मला सोलापूरला डॉक्टरांकडं नेलं. वाड्यावर सांगितलं, पित्ताचे डॉक्टर. ते मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं: ॲडजस्टमेंट डिसऑर्डर. मला वाटलं, हा काय आजार आहे? ॲडजस्ट तर सगळ्याच बायका करतात. रात्री मोबाईलवर तो शब्द शोधला आणि समोर आली जपानची युवराज्ञी मासाको.

तिचं वाचत मी पहाट केली. हार्वर्डला शिकलेली, परराष्ट्र खात्यात नोकरीला लागलेली मुलगी. 1993 मध्ये युवराज नारुहितोशी लग्न. परदेशी शिष्टमंडळांशी बोलणं हेच जिचं काम, तिचं परदेशी जाणंच आक्रसलं. मुलगा हवा, मुलगा हवा, हा घोष. तिकडच्या 1947 च्या राजघराणे कायद्यानं गादी फक्त पुरुषवंशातल्या पुरुषालाच. 2001 मध्ये मुलगी झाली, आइको. 2004 मध्ये नवऱ्यानं पत्रकारांसमोर सांगितलं, की मासाकोची कारकीर्द आणि तिचं व्यक्तिमत्त्व नाकारण्याचे प्रयत्न झाले आहेत. दोन महिन्यांनी राजवाड्यानं जाहीर केलेलं निदान तेच, माझ्या कागदावरचं. तिच्या सासूचंही वाचलं. मिचिको, पिठाच्या गिरण्यांच्या मोठ्या कंपनीच्या मालकाची मुलगी, 1959 मध्ये राजघराण्याबाहेरून आलेली. 1993 मध्ये ती कोसळली आणि कित्येक महिने तिची वाचाच गेली होती. म्हणजे सुनेचं लग्न झालं त्याच वर्षी.

कुठं तो जपानचा राजवाडा आणि कुठं आमचा गळका सोपा, तुलना करणं हास्यास्पदच. पण 'आवाज गेला' हे वाचल्यावर मी मोबाईल उलटा ठेवला आणि बराच वेळ तशीच पडून राहिले.

औषधं सुरू झाली, झोप आली. डॉक्टर म्हणाले, काम वाढवा. वाड्यावर काम म्हणजे हिशेब. 2016 च्या उन्हाळ्यात, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश चढलेलं, एका दाव्यासाठी वकिलांना जुनी कागदपत्रं हवी होती म्हणून मी माळ्यावरच्या दोन ट्रंका उघडल्या. मोडीतलं बाजूला ठेवलं. बाळबोधातल्या रोजकीर्दी वाचायला लागले. 1946, 47, 48. जांभळी शाई, कडेला वाळवी. आणि त्यात थोरल्या आऊसाहेब. ज्यांच्याकडं सगळी बोटं जायची त्याच.

'सौ. आऊसाहेब यांस बॅडमिंटन रॅकेट दुरुस्ती.' 'आऊसाहेब मोटार शिकवणी, ड्रायव्हरास बक्षीस.' 'आऊसाहेब सोलापूर मुक्काम, सिनेमा, 4 असामी.' एका पानावर 'आऊसाहेब यांनी मोटार देवडीच्या खांबास लावली, गवंडी मजुरी.' मी उठले, खाली गेले, दिंडी दरवाजाचा डावा खांब बघितला. तळाशी दगड वेगळ्या रंगाचा होता. रोज बघत होते मी तो. म्हणजे बाई दिंडी दरवाजानंच जात होत्या, तेही स्वतः गाडी हाकत!

पुढच्या वह्यांत हळूहळू ते बंद झालेलं दिसतं. 1952 नंतर रॅकेट नाही. मोटार विकल्याची जमा आहे. 1957 नंतर नोकरांच्या पगाराच्या ओळी एकेक कमी होत जातात. आणि 1958 च्या वहीत पहिल्यांदा दिसतं, 'गाडीस पडदे, कापड व शिलाई.'

ती वही घेऊन मी आईसाहेबांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. खांबाच्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ थांबल्या. "आम्हाला त्यांनी हे कधी सांगितलं नाही," म्हणाल्या. मग, "आम्ही आलो तेव्हा कुळं रस्त्यात समोरून यायची आणि रामराम न करता जायची. आऊसाहेबांना ते सोसायचं नाही. मग आपणच दिसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं." मी विचारलं, तुम्हाला कसं वाटलं होतं? त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं नव्हतं बाई."

त्या वर्षी आम्ही सोलापुरात जुळे सोलापूरला भाड्यानं फ्लॅट घेतला. मुलीची शाळा हे कारण सांगितलं. ते खरंही होतं. भांडण झालं नाही. आबासाहेब सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, पण ते आधीही फारसे बोलत नव्हते, त्यामुळं हिशेबात फरक पडला नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची कामं घ्यायला लागले. पुढच्या वर्षी जीएसटी आला आणि श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. दारावरच्या पाटीवर दोन अक्षरी नाव. नवरात्राला वाड्यावर जाते, तेव्हा पाच अक्षरी. मागच्या दारानं जात नाही. देवडीवरचा म्हातारा वारला, त्याच्या जागी कुणी नेमलंच नाही, त्यामुळं अडवायला कुणी नाही. याला माझा विजय म्हणायचा का, मला माहीत नाही.

1 मे 2019 ला सुट्टी होती, टीव्हीवर टोकियो दाखवत होते. नारुहितो सम्राट झाला. तलवार आणि रत्न सुपूर्द करायच्या पहिल्या विधीला राजघराण्यातल्या स्त्रियांना प्रवेश नसतो, त्यामुळं सम्राज्ञी होणारी मासाको त्या दालनात नव्हती. मंत्रिमंडळातली एक बाई मात्र होती. आमच्या सहा वर्षांच्या कन्येनं विचारलं, "ती राणी कुठंय?" यांनी सांगितलं, "जाळीच्या मागं." मग आमच्याकडं बघून गप्प बसले. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मुलीला बोट धरून आत नेलं ते यांनीच. आबासाहेबांनी पाहिलं, मान वळवली. आक्कासाहेब जाळीमागून "अगंबाई" एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या जानेवारीत आईसाहेब मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आमच्या फ्लॅटवर राहायला होत्या. संक्रांत जवळ आलेली. भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ते काठ्यांचं काय असतं तुमच्याकडं, ते कधी पाहिलं नाही आम्ही." चाळीस वर्षांवर त्या सोलापूरला येत-जात होत्या, गाडीच्या पडद्याआडून.

आम्ही रिक्षानं गेलो. त्या, मी, मुलगी आणि साखर पेठेतून आलेली आई. ड्रायव्हर नाही, बरोबरची बाई नाही. त्यांनी साधी सुती साडी नेसली, अक्षता रुमालाच्या टोकाला बांधून घेतल्या. संमती कट्ट्यापाशी ही गर्दी. काठ्या आल्या, 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' सुरू झालं, माणसं पुढं रेटली. कडेवर पोर घेतलेली एक बाई आईसाहेबांना खांद्यानं ढकलत म्हणाली, "ओ आजी, सरका की जरा, पोराला दिसंना." माझ्या काळजात चर्र झालं. आईसाहेब सरकल्या. आईनं त्यांचा दंड धरून ठेवला, त्यांनी तो सोडवून घेतला नाही. संमती वाचून झाली तशा सगळ्यांनी अक्षता उधळल्या. त्यांना रुमालाची गाठ सुटेना. दातानं सोडवली.

परत येताना त्या गप्प होत्या. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाल्या, "कुणी ओळखलं नाही."

"नाही," मी म्हटलं.

"एकानंसुद्धा नाही."

कुठल्या सुरात म्हणाल्या, ते मला अजून नीट सांगता येत नाही. सिग्नल सुटला, वारा लागला, आणि त्यांनी डोक्यावरचा पदर पुन्हा पुढं ओढून घेतला.